मोकळी गाडी

जानेफळ,
९ फेब्रुवारी २०२५

महामाया, जयभीम.

तुझा निरोप तुझ्या आईकडून मिळाला. जुनी जीप घ्यायची आहे, डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली, पावसाळ्याच्या आत. तीन-चार ठिकाणी सांगून ठेवलं आहेस. बाबांनी जाऊन बघावं, काय ते आईला सांगावं, आई तुला फोनवर सांगेल. ही व्यवस्था मी दोन दिवस चालवून बघितली. इंजेक्टर कशाला म्हणतात हे तुझ्या आईला समजावता समजावता वांग्याची भाजी करपली. "मले नका सांगू बापा," ती म्हणाली. "तुमीच लिहून धाडा तिले. माह्या तोंडून गाडी नाही निंगत." माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र.

एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं जॉबकार्डं लिहिली. तसंच लिहीन. गाडीखेरीज दुसरा विषय काढणार नाही, तूही काढू नकोस. साडेपाच वर्षांपूर्वी जे बोलणं झालं ते झालं.

तू आणि धम्मशीला सिस्टर मिळून जळगाव जामोदला दवाखाना टाकला, आणि आठवड्यातले चार दिवस वर सातपुड्यातल्या वस्त्यांवर जाणार, हे आईकडून कळलं. वर जायला रस्ता कसा आहे? मुरूम, चिखल की नाल्यातली वाळू? किती चढ? उत्तर आईला सांगितलंस तरी चालेल, एवढं ती सांगू शकते.

किमतीचं तू बघ, लोखंडाचं मी बघतो. मी जाईपर्यंत कुणाच्या हातावर काही ठेवू नकोस. आणि फोटो बघून गाडी पसंत करू नकोस. फोटोत सगळ्याच गाड्या चांगल्या घरच्या दिसतात.

बाबा

जानेफळ,
१९ फेब्रुवारी

महामाया,

खामगावची जीप बघितली. मालक रिटायर्ड मास्तर. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचलो. जीप धुऊन दारात उभी होती. बॉनेटवर हात ठेवला तर गरम.

"आताच दुधाले गेलतो," मास्तर म्हणाले. दूध समोरच्याच घरी मिळतं, म्हशी ओट्यावरून दिसत होत्या.

थंड इंजिन नखरे करतं म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवायचं, हा या धंद्यातला जुना खेळ आहे. मी मास्तरांना म्हणालो, मला घाई नाही. दोन तास बसलो. तीन वेळा चहा झाला, त्यांच्या नातवाचे टक्के ऐकले. इंजिन थंड झाल्यावर चावी फिरवली. सातव्या वेळी सुरू झालं, आणि एवढा पांढरा धूर निघाला की शेजारच्या बाईनं वाळवणातले पापड उचलले. मग पुढच्या चाकांमधल्या हौसिंगचा, म्हणजे गियरच्या डब्याचा, नट खोलला. आतलं तेल दुधाच्या चहाच्या रंगाचं. म्हणजे पाणी शिरलंय, गियरचे दात गेलेत किंवा जाणार आहेत.

मी खाली आडवा पडलेला बघून मास्तर चिडले. "तुमाले गाडी घ्याची हाये का सोयरीक कराची?"

मी म्हणालो, सोयरीक असती तर एवढं बघितलं नसतं. घेऊ नकोस.

रस्त्याचं आईनं सांगितलं. दोन नाले, दुसऱ्यापुढे खडा चढ. कळलं. तो नाला कोणता हे मी विचारत नाही.

बाबा

जानेफळ,
४ मार्च

महामाया,

शेगावची जीप. प्रेम म्हणून लॉजवाला आहे, स्टेशनवरून भक्त आणायला ठेवली होती. तुला फोटो आवडला असं आई म्हणाली. आवडणारच. नवीन सीट, नवीन रंग, नवीन टायर. थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झाली, धूर नाही. तेलाचं झाकण काढून हात धरला, आतून वाफ येत नाही. आरसी बुकातला चेसिस नंबर जुळला. फोर व्हीलचा छोटा लीवर मऊ, लोण्यासारखा पडतो.

"ठोका ना राजेहो," प्रेम म्हणाला. "डॉक्टरीण बाईले अशी गाडी दुसरी नाही भेटनार."

मी खाली शिरलो. दोन मिनिटांत बाहेर आलो.

गाडी मोकळी आहे. घेऊ नकोस. टोकन पाठवलं असशील तर परत माग.

बाबा

जानेफळ,
१५ मार्च

महामाया,

तुझं कार्ड मिळालं. साडेपाच वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि तेही तीन शब्द: "मोकळी म्हणजे काय?" सही नाही. अक्षर डॉक्टर होऊनही वाचता येतं, हे बरं आहे.

तर मोकळी म्हणजे असं. फोर व्हीलच्या जीपला दोन शाफ्ट असतात. मागचा मागच्या चाकांना जोर नेतो, पुढचा पुढच्या. सपाट रस्त्यावर पुढच्याचा उपयोग नाही, पण तो फुकट फिरतो, आवाज करतो, डिझेल खातो. म्हणून मालक लोक पुढचा शाफ्ट काढून घरात ठेवतात. आठ नट-बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. मग गाडी हलकी पळते. लीवर जागेवरच असतो, पडतोही, फक्त पुढच्या चाकांपर्यंत काही जात नाही. वरून बघून ड्रायव्हरला कळत नाही. चिखलात फसल्यावर कळतं.

अशा गाडीला आम्ही मोकळी म्हणतो. हा आमच्या दहा-बारा मिस्त्रींमधला आणि आमच्या गिऱ्हाइकांमधला शब्द, बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

बाकी ठीक. तुझ्या आईची शुगर आटोक्यात आहे. तिसरी गाडी तुमच्या जळगावातच आहे म्हणतात, ती बघून कळवतो.

बाबा

जानेफळ,
१७ मार्च

महामाया,

परवाचं पत्र पेटीत टाकून आलो आणि जेवण गेलं नाही. तू तो शब्द का विचारलास हे मला कार्ड हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. तरी तुला शाफ्टचा धडा दिला.

तू तो शब्द निवृत्तीच्या तोंडून ऐकला होतास.

ऑगस्ट २०१९. तू त्या संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर डॉक्टर होतीस, निवृत्ती तुझा ड्रायव्हर, जीप ठेकेदाराची. वरच्या वस्तीतली रुख्मिणी कळा देत होती, तिला खाली आणताना दुसऱ्या नाल्यानंतरच्या चढावर जीप चिखलात बसली. निवृत्तीनं फोर व्हीलचा लीवर टाकला आणि मागचीच चाकं फिरत राहिली. ट्रॅक्टर यायला दोन तास लागले. ती जीपमध्येच मोकळी झाली आणि लेकरू तुझ्या हातात गेलं. हे मी तुला सांगतोय, जसं काही तुला माहीत नाही. पण मी हे आजवर कधी लिहिलं नव्हतं, एकदा लिहून बघतो.

चौकशीत निवृत्ती म्हणाला, "मले ठेकेदारानं सांगलं व्हतं, गाडी मोकळी हाये." तू अहवालात त्याचं वाक्य तसंच घेतलंस आणि खाली त्याचा अर्थ लिहिलास: गाडी त्या दिवशी रिकामी व उपलब्ध असल्याचे चालकास कळवण्यात आले होते. निवृत्तीलाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्यानं फक्त ऐकलेलं सांगितलं. ठेकेदारानं सांगितलं, निवृत्तीनं सांगितलं, तू लिहिलंस, आणि कुणाच्याच हाताला तो शब्द लागला नाही. पुढे तू लिहिलंस की चालकास फोर व्हील वापरण्याचे ज्ञान नव्हते.

तो अहवाल घेऊन तू घरी आलीस. "बाबा, तुम्ही मिस्त्री आहात, गाडीचं बरोबर लिहिलंय का बघा," म्हणालीस. मी गाडीचा नंबर वाचला. मग 'मोकळी' वाचलं. मग म्हणालो, ड्रायव्हरची चूक नाही, त्याचं नाव काढ. तू विचारलंस, "कशावरून?"

त्या प्रश्नाला उत्तर होतं. त्या जीपचा शाफ्ट मे महिन्यात मी काढला होता. रविवारी, जळगावच्या डेपोत होतो तेव्हाच्या आमच्या क्वार्टरमागे, ठेकेदार चहा पीत शेजारी उभा होता. मीच त्याला सुचवलं होतं. अशा चाळीसेक जीपा मी मोकळ्या केल्या असतील. मला अभिमान होता त्याचा, मालक लोक नाव घेत.

नोकरीचे अकरा महिने उरले होते आणि बाहेरचं काम करायला बंदी होती. पेन्शन डोळ्यांपुढे आली. म्हणून मी म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं? तू सुया टोच." तू त्याच संध्याकाळच्या बसनं गेलीस. निवृत्तीचं काम गेलं. मग अकरा महिने संपले, मी रिटायर झालो, पेन्शन सुरू झाली, आणि तरी मी सांगितलं नाही. त्याला मात्र काही कारण नव्हतं. मला लाज वाटत होती.

उद्या शेगावला जातो. निवृत्ती तिथे एका लॉजवर कामाला आहे असं कळलं आहे.

बाबा

जानेफळ,
१९ मार्च

महामाया,

काल निवृत्ती भेटला. लॉजच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होता. केस पांढरे झालेत. मला ओळखलं नाही, मी नाव सांगितलं, तुझा बाप म्हणून सांगितलं.

"मॅडम बऱ्या हायेत ना?" त्यानं विचारलं. हा पहिला प्रश्न.

मी म्हणालो, बरी आहे. मग उभा राहिलो. त्यानं ओली चादर उचलली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "धरा मिस्त्री, पिळून घेऊ." आम्ही दोघांनी ती चादर पिळली. दुसरी पिळली. तिसरीला मी म्हणालो, "निवृत्ती, त्या जीपला पुढचा शाफ्ट नव्हता. मी काढला होता."

त्याने पीळ सोडला नाही. "नाही मिस्त्री," तो म्हणाला. "शाफ्ट व्हता. तपासनीच्या दिवशी मी सोता खाली घुसून पाह्यलं. चांगला बसेल व्हता, गिरीस लावून."

आता ऐक. परवाच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. जीप ओढून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, "मिस्त्री, शाफ्ट लावून द्या, तपासनी हाये." मी गेलो आणि लावला. कशाची तपासणी, हे विचारलं नाही. तू त्या जीपवर आहेस हेही तेव्हा माहीत नव्हतं. पण गाडीत मागच्या बाजूला पत्र्यावर पुसलेलं रक्त होतं आणि ते मी बघितलं. ग्रीसही मीच लावलं होतं.

हे सगळं त्याला सांगितलं. तो चादर हातातच धरून खाली बसला.

"मले काय वाटे मालूम हाये?" तो म्हणाला. "शाफ्ट तं हाये, लीवर बी बरोबर हाये, म्हंजे हातच चुकला आपला. लीवर पुरा नसन पडला. मॅडमनं लिवलं ते खरंच असन. साडेपाच वर्सं झाले मिस्त्री, झोपताना हात असा करून पाहातो." त्यानं हात पुढे केला आणि हवेत लीवर ओढून दाखवला. "मंग कधी गाडी नाही धरली. माही बायको पुष्पा म्हने का, टेम्पो तरी चालवा. म्या म्हनलं, नाही, माह्या हातानं मानूस मरते."

मी त्याला म्हणालो, "तुझा हात बरोबर होता." आणि मला रडू आलं. हे लिहायला संकोच वाटतो, पण झालं ते झालं. मी रडलो, तो नाही. तो मला म्हणाला, "तुमी काऊन रडून राह्यले? मले तं आज झोप लागन."

मी शंभराच्या स्टँप पेपरवर सगळं लिहून दिलं आहे, काढल्याचं आणि लावल्याचं. एक प्रत निवृत्तीकडे, एक त्या संस्थेला रजिस्टर केली, एक यात आहे. तुझ्या अहवालाचं काय करायचं ते तू ठरव. माझ्या पेन्शनचं काय व्हायचं ते होईल. तुझ्या आईला सांगितलं. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे घरात आता दोघी झाल्या.

बाबा

जळगाव जामोद,
६ एप्रिल

महामाया,

तुझ्या दवाखान्यापासून तीन गल्ल्या सोडून लॉजवर बसून हे लिहितोय. उद्या सकाळी टाकीन आणि जाईन. भेटायला आलेलो नाही, गाडी बघायला आलो होतो.

गाडी घे. संत्रा बागवाल्याची आहे, एका मालकाची. रंग उडालेला, दार दोरीनं बांधलेलं, सीटमधून काथ्या निघालाय. तुला फोटो आवडणार नाही. पण इंजिन थंड असताना सुरू होतं, हौसिंगचं तेल स्वच्छ आहे, चेसिसला स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी गंज नाही. पुढच्या शाफ्टवर ताजा चिखल होता. म्हणजे बागेच्या चढावर तो रोज फिरतोय. स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढावा लागेल, ब्रेक लायनर बदलावे लागतील, दोन्ही कामं कोणाकडून करून घ्यायची ते मागच्या पानावर लिहिलंय. माझ्याकडून घेऊ नकोस.

निवृत्तीला सोबत आणलं होतं. मला जीपमधलं सगळं कळतं, पण ती चिखलात कशी वागते ते चालवणाऱ्यालाच कळतं. आधी नाही म्हणाला. नदीच्या कोरड्या पात्रात मी चालवायला लागलो आणि मुद्दाम नव्हे, खरंच, वाळूत फसलो. तो म्हणाला, "सरका मिस्त्री, गाडी मोडसान." बसला. बराच वेळ हात लीवरवर ठेवून बसला. मग टाकला. पुढच्या चाकांनी वाळू धरली आणि जीप सरळ वर आली. तो खाली उतरला, मागे जाऊन चाकांच्या चार खुणा बघितल्या, पुन्हा बसला, जीप परत वाळूत नेली आणि परत काढली. असं तीन वेळा. बागवाल्याला वाटलं डिझेल फुकटचं आहे.

बाबा

जानेफळ,
२ मे

महामाया,

निवृत्तीचा फोन आला. तू आणि धम्मशीला सिस्टर शेगावला त्याच्याकडे गेला होतात, त्याच संत्रावाल्या जीपमधून. तू अहवाल मागे घेतल्याचा कागद त्याच्या बायकोसमोर वाचून दाखवलास, म्हणाला. वाचून झाल्यावर पुष्पाबाईनं तुला पाणी दिलं. मग तू त्याला विचारलंस, जीपवर येता का. तो म्हणाला, "इचारून सांगतो." कुणाला विचारणार हे मी विचारलं नाही. मला वाटतं तो येईल.

शेगावहून जानेफळ लांब नाही. तू आली नाहीस. त्याबद्दल मी रागावलेलो नाही, उलट तू आली असतीस तर मला कुठे बघावं कळलं नसतं. तुझ्या आईशी फोनवर बोलत राहा, तिचं यात काही नाही.

आता एक काम राहिलंय आणि ते माझंच आहे. निवृत्तीला सांगितलं, तुला सांगितलं, कागदावर सांगितलं. रुख्मिणीला कुणी सांगितलेलं नाही. तिला अजून वाटत असेल की ड्रायव्हरला गाडी येत नव्हती, किंवा तिचंच नशीब. मला तिच्या दारात जाऊन सांगायचं आहे. ती जे बोलेल ते ऐकून घेईन. पावसाच्या आधी जायला हवं. तू नेऊ नकोस, तुझ्या जीपमधून मला जायचं नाही. जळगावपर्यंत एसटी आहे, पुढे चालत जाईन. गुडघे तेवढे चांगले आहेत.

अडचण एकच आहे. तिच्या वस्तीचं नाव तुझ्या अहवालात होतं, पण त्या दिवशी मी गाडीच्या आणि ड्रायव्हरच्या ओळींखेरीज काही वाचलंच नाही. आणि नंतर कुणाला विचारलं नाही. तेवढं नाव एका कार्डावर लिहून पाठव. सही केली नाहीस तरी चालेल.

बाबा